खरोखर पुसावयाचें काय?

पाटी पुसणें ही क्रिया महाराष्ट्रांतील प्रत्येक घराच्या परिचयाची आहे. गणित चुकलें कीं मूल पाटीवर ओला हात फिरवितें, आणि चुकलेल्या आंकड्यांबरोबर बरोबर आलेले आंकडेहि नाहींसे होतात. पाटी त्याला कांहींच विचारीत नाहीं. दुकानदाराच्या वहीची रीत याच्या अगदीं उलट. पेढीवरील कारकुनाला कीर्दींतील आंकडा चुकला म्हणून तो खरवडून काढण्याची मुभा नसे. त्यानें चुकलेल्या आंकड्यावर एक आडवी रेघ मारावी, शेजारीं खरा आंकडा लिहावा, आणि खोडलेला आंकडाहि मागाहून वाचतां यावा, असा शिरस्ता होता. पाटी आणि वही यांच्यामधील या भेदांत जुनें व्यवहारज्ञान सांठविलेलें आहे. जें क्षणापुरतें आहे तें पुसावें. ज्याचा पुढें कधीं जाब द्यावा लागणार आहे तें पुसूं नये, केवळ खोडावें.

संगणक घरोघर आला तेव्हां पाटी आणि वही या दोहोंचीं कामें एकाच यंत्रावर येऊन पडलीं. मुलाचा निबंध, विजेच्या बिलाची पावती, आजोबांचें एकुलतें एक छायाचित्र आणि घराचा करारनामा हीं सारीं त्याच पडद्यावर, सारख्याच आकाराच्या लहान चित्रांच्या रूपानें शेजारींशेजारीं मांडलेलीं असतात. त्यांतील पाटी कोणती आणि वही कोणती, हें यंत्राला कळत नाहीं. म्हणून कोणतीहि वस्तु पुसण्याची आज्ञा झाली कीं तें अदबीनें विचारतें, ‘ही फाइल खरोखर पुसावयाची काय?’ हा प्रश्न उपयोगाचा किती, उपद्रवाचा किती, आणि तो कायमचा बंद करणें शहाणपणाचें कीं अविचाराचें, याचा विचार प्रत्येक सुशिक्षित घरानें एकदां तरी करावयास हवा.

मुलुंड किंवा घाटकोपर येथील एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचें कार्यालय डोळ्यांपुढें आणावें. तळमजल्यावर जिन्याशेजारीं एक लहानशी खोली, एक लोखंडी कपाट, भिंतीवर सूचनांचा फलक आणि टेबलावर बराच जुना संगणक. संस्थेचे चिटणीस दिवसभराची नोकरी आणि लोकलचा प्रवास आटोपून रात्रीं नऊ वाजतां येथें येऊन बसतात. त्यांना या कामाचा पगार नाहीं. वार्षिक सभेंत सभासदांनीं हात वर केले म्हणून तें त्यांच्या गळ्यांत पडलेलें आहे. संगणकांत जागा उरलेली नाहीं, म्हणून जुन्या पाणीपट्टीच्या पावत्या, गणपतीच्या वर्गणीच्या याद्या, रद्द झालेल्या सूचनांचे मसुदे हें सारें ते एकेक करून काढून टाकीत आहेत. प्रत्येक वेळीं पडद्यावर तीच चौकट येते, तोच प्रश्न येतो, आणि प्रत्येक वेळीं ‘होय’ म्हणावें लागतें. चाळिसाव्या प्रश्नाला त्यांचा धीर सुटतो. शेजारच्या बिऱ्हाडांतील, कॉलेजांत जाणाऱ्या मुलाला ते हांक मारतात. ‘काका, हें बंद करतां येतें कीं!’ असें म्हणून तो अर्ध्या मिनिटांत तो प्रश्न बंद करून देतो, आणि काम भराभर चालूं लागतें.

पण त्याच संगणकांत आणखीहि कांहीं आहे. सभासदांची ‘आय’ नमुन्यांतील नोंदवही आणि ‘जे’ नमुन्यांतील यादी यांच्या प्रती, भागदाखल्यांचीं छायाचित्रें, जमिनीच्या अभिहस्तांतरणाचे कागद आणि इमारतीच्या पुनर्विकासासंबंधीं झालेला सारा पत्रव्यवहार त्यांत आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा. त्या कायद्यानुसार सभासद कोण, याचा प्रथमदर्शनी पुरावा सभासदांच्या नोंदवहींत असतो. जुनी इमारत पाडून नवी उभी राहावयाची असते तेव्हां, पतीच्या पश्चात् एकट्या राहणाऱ्या एखाद्या वृद्ध बाईंचा घरावरील हक्क अशाच एखाद्या जुन्या कागदावर उभा असूं शकतो. तेव्हां प्रश्न बंद करून त्या मुलानें काकांवर उपकार केला कीं त्यांचा घात केला?

उत्तर देण्यापूर्वीं हा प्रश्न आला कोठून, तें पाहिलें पाहिजे. संगणकांच्या आरंभींच्या पिढीला असे प्रश्न विचारण्याची संवय नव्हती. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्स या कार्यप्रणालींत फाइल पुसण्याची आज्ञा ‘आर’ आणि ‘एम’ अशी दोनच अक्षरांची आहे. ती टंकून एंटरची कळ दाबली कीं फाइल गेली. यंत्र एक शब्दहि बोलत नाहीं. जाणत्या मनुष्यानें दिलेली आज्ञा विचारपूर्वकच दिलेली असणार, असें त्या प्रणालीचें गृहीतक. ज्याला प्रश्न हवा असेल त्यानें आज्ञेपुढें ‘आय’ हें अक्षर जोडावें, आणि ज्याला कोणत्याहि परिस्थितींत प्रश्न नको असेल त्यानें ‘एफ’ जोडावें, एवढी सोय तींत आहे.

मुंबईच्या उपनगरांना संगणकाचा परिचय घरांतून होण्यापूर्वीं संस्थांतून झाला. पवईची आय. आय. टी. १९५८ सालीं सुरू झाली. अंधेरी पूर्वेकडील निर्यात प्रक्रिया क्षेत्र, ज्याला सारी मुंबई ‘सीप्झ’ म्हणून ओळखते, तें १९७३ सालचें. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र १९८५ सालीं स्थापन झालें, आणि १९८६ सालीं देशांतील प्रमुख शिक्षणसंस्थांना जोडणारें ‘अर्नेट’ हें जाळें सुरू झालें, त्यांत जुहूचें हें केंद्र आणि पवईची संस्था या दोहोंचा सहभाग होता. अशा ठिकाणीं यंत्रापुढें बसणारा मनुष्य त्या विद्येंत शिकून तयार झालेला असे. यंत्राचें मौन त्याला समजत असे.

घरगुती संगणकाबरोबर हें गृहीतक टिकण्यासारखें नव्हतें. घरोघर गेलेल्या डॉस या प्रणालींत एकच फाइल पुसली तर यंत्र गप्प राही. परंतु एका कप्प्यांतील सर्व फाइली एकदम पुसण्याची आज्ञा दिली कीं ‘खात्री आहे काय?’ असें विचारून होकाराचें किंवा नकाराचें एक अक्षर मागे. १९८३ सालीं ॲपल कंपनीच्या लिसा या संगणकाच्या पडद्यावर कचऱ्याच्या टोपलीचें चित्र आलें, आणि पुढल्याच वर्षीं तें मॅकिंटॉशवर आलें. विंडोज ९५ मध्यें त्याच कल्पनेला ‘रिसायकल बिन’ हें नांव मिळालें. टोपली आणि प्रश्न हीं दोन्हीं चुकीवरचीं औषधेंच, पण त्यांची जात वेगळी आहे. प्रश्न कृतीच्या आधीं अडवितो. टोपली कृतीला अडवीत नाहीं. ती केवळ परिणाम लांबणीवर टाकते. घरांत टोपलींत टाकलेला कागद सकाळीं कचरा नेणारा येईपर्यंत परत काढतां येतो, तशीच ही योजना.

विंडोज ९५ नें दोन्ही उपाय एकत्र ठेवले. फाइल टोपलींत टाकण्यापूर्वींहि विचारावयाचें आणि टोपली रिकामी करण्यापूर्वींहि विचारावयाचें. सतरा वर्षांनंतर, २०१२ सालीं विंडोज ८ बाहेर पडलें, तेव्हां यांपैकीं पहिला प्रश्न मुळांतच बंद ठेवण्यांत आला; ज्यांना तो हवा असेल त्यांनीं मुद्दाम सुरू करून घ्यावा, असें ठरलें. म्हणजे शेजारच्या त्या मुलानें अर्ध्या मिनिटांत जें केलें तेंच निर्मात्यांनीं सर्व जगासाठीं करून ठेवलें.

त्या चौकटीपर्यंत जाण्याची वाट अवघड नाहीं. विंडोजमध्यें रिसायकल बिनच्या चित्रावर माऊसची उजवी कळ दाबावी, उघडलेल्या यादींतून ‘प्रॉपर्टीज’ निवडावें, आणि ‘डिस्प्ले डिलीट कन्फर्मेशन डायलॉग’ या ओळीपुढील चौकोनांतील खूण काढावी अथवा घालावी. मात्र त्याच चौकटींत आणखी एक ओळ आहे, आणि घाईंत असणाऱ्याला ती पहिलीची बहीणच वाटते. फाइल टोपलींत न टाकतां तत्काळ नाहींशी करावी, असा तिचा अर्थ. पहिल्या ओळीवरील खूण काढली तर केवळ दारावरचा पहारेकरी रजेवर जातो. दुसरी निवडली तर टोपलीच घराबाहेर जाते. पहारेकरी नसला तरी टोपली असावी. टोपली नसेल तर पहारेकरी असावा. दोन्ही एकाच वेळीं घालवून देणें मात्र कोणत्याहि घराला परवडणारें नाहीं.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळावें. विचारल्यानें चूक टळते ही समजूत वरवर पाहतां बिनतोड वाटते. ती कोठें लंगडी पडते हें बोरिवलीहून चर्चगेटला रोज जाणाऱ्या प्रवाशाला विचारावें. लोकल गाडींत पुढल्या स्टेशनाची सूचना मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत होते. गांवाहून आलेला पाहुणा ती कान देऊन ऐकतो. पंधरा वर्षें प्रवास केलेल्याच्या कानांवर ती पडते, पण मनापर्यंत पोंचत नाहीं. त्याचा कान बिघडलेला नसतो; या आवाजांत आपल्याला नवें कांहीं सांगितलेलें नसतें, एवढें त्याच्या मनानें ठरवून टाकलेलें असतें. संगणकाच्या प्रश्नाचेंहि तसेंच होतें. शंभर वेळां तो आला आणि नव्व्याण्णव वेळां त्याचें उत्तर ‘होय’ असलें, तर तें उत्तर बुद्धीकडून बोटांकडे उतरतें. चौकट नीट उमटण्यापूर्वींच बोट एंटरच्या कळीवर जाऊन बसलेलें असतें. शंभराव्या वेळीं ‘नाहीं’ म्हणावयाचें होतें, हें बोटाला कोण सांगणार?

मॅकिंटॉशच्या प्रकल्पाचा आरंभ ज्यांनीं केला त्या जेफ रॅस्किन यांनीं २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘द ह्यूमेन इंटरफेस’ या ग्रंथांत या संवयीकडेच बोट दाखविलें आहे. वारंवार विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर संवयीचा भाग बनतें आणि त्याचें संरक्षण नाहींसें होतें. म्हणून केलेली कृति मागें घेण्याची सोय हाच खरा उपाय, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे.

याखेरीज या प्रश्नांत आणखी एक उणीव आहे, आणि ती अधिक खोल आहे. यंत्र मनुष्याला त्याच्या इच्छेविषयीं विचारतें. पण मनुष्याची चूक बहुधा इच्छेंत नसते, ओळखींत असते. चिटणीसांना जुनी यादी पुसावयाची आहे आणि त्यांनीं समजुतीच्या चुकीनें नवी यादी निवडली आहे. ‘खरोखर पुसावयाची काय?’ या प्रश्नाला ते अगदीं प्रामाणिकपणें ‘होय’ म्हणतात, कारण त्यांच्या मनांत जुनी यादीच आहे. चुकीचें दार ठोठावणाऱ्याला ‘आपल्याला खरोखर आंत यावयाचें आहे ना?’ असें विचारून काय उपयोग? घर कोणाचें, हें सांगितलें पाहिजे. आणि आपण भलतीच फाइल काढली हें मनुष्याच्या लक्षांत येतें तें बहुधा कृति घडून गेल्यावर, दुसऱ्या क्षणीं किंवा दुसऱ्या महिन्यांत. प्रश्न मात्र आधींच विचारून मोकळा झालेला असतो.

यावर कोणी म्हणेल कीं, मग मोठमोठ्या जोखमीच्या व्यवहारांतहि पुष्टीची खूण मागण्यांत येते, ती काय व्यर्थच? याचें उत्तर उपनगरी रेल्वेच्याच रुळांवर सांपडतें. लोकल गाड्यांसाठीं ‘ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टिम’ नांवाची एक इशारा देणारी व्यवस्था बसविलेली आहे. गाडी पिवळ्या सिग्नलाजवळ आली कीं मोटरमनला इशारा मिळतो, आणि त्यानें थोडक्या सेकंदांत कळ दाबून तो पोंचल्याची खूण द्यावी लागते. खूण दिली नाहीं तर ब्रेक आपोआप लागतात. लाल सिग्नल ओलांडला गेला तर ही व्यवस्था मोटरमनला कांहींहि न विचारतां गाडी थांबविते. येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, मनुष्य गप्प राहिला किंवा त्याचें लक्ष नसलें तर यंत्र सुरक्षित बाजूला झुकतें. दुसरी अशी कीं, जेथें नुकसान कधींच भरून येणारें नाहीं तेथें प्रश्न विचारण्याची औपचारिकताच ठेवलेली नाहीं.

या उदाहरणावरून एक साधा नियम बांधतां येतो. जी चूक सुधारतां येते तिच्या आधीं प्रश्न विचारूं नये. ती सुधारण्याची वाट मोकळी ठेवावी. जी चूक कधींच सुधारतां येणार नाहीं ती होऊंच नये अशी रचना करावी. प्रश्नाची खरी जागा या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टींत आहे, आणि तो क्वचितच विचारला गेला तरच ऐकूं येतो. या दृष्टीनें पाहतां टोपलींत टाकण्यापूर्वींचा प्रश्न बंद करणें हें पाप नव्हे. उलट, नित्याचा प्रश्न गप्प झाला म्हणजे टोपली रिकामी करण्यापूर्वींचा, क्वचित् येणारा प्रश्न मनुष्य वाचण्याचा संभव वाढतो.

परंतु ही सारी भिस्त टोपलीवर आहे, आणि टोपली सर्वत्र नसते. हें ज्ञान नसल्यानें पुष्कळ घरांचें नुकसान होतें. विंडोजमध्यें पेन ड्राइव्हवरील फाइल पुसली तर ती टोपलींत जात नाहीं, सरळ नाहींशी होते. कार्यालयांतील जाळ्यावरून दुसऱ्या संगणकावर ठेवलेल्या फाइलीचें सामान्यतः तेंच. शिफ्टची कळ दाबून धरून डिलीट केलें तर टोपली ओलांडली जाते. टोपलीचें आकारमानहि ठरलेलें असतें. लग्नाच्या चित्रफितीसारखी अवाढव्य फाइल तींत मावली नाहीं तर यंत्र ती कायमची पुसण्याविषयीं विचारतें. हा प्रश्न मात्र थांबून वाचलाच पाहिजे, कारण तो नित्याच्या प्रश्नासारखा दिसला तरी त्याचा अर्थ अगदीं निराळा असतो.

फोन आणि दूरवरच्या भांडारांत ठेवलेल्या वस्तूंची तऱ्हा आणखी वेगळी. गूगल ड्राइव्हच्या टोपलींतील वस्तु ऑक्टोबर २०२० पासून ३० दिवसांनंतर आपोआप नाहींशी होते. त्यापूर्वीं ती मालकानें काढीपर्यंत तेथेंच राहत असे. शिवाय जेथें दोन यंत्रें एकाच खात्याला जोडून त्यांचा मेळ ठेवलेला असतो, तेथें एका ठिकाणीं पुसलेली वस्तु दुसऱ्या ठिकाणाहूनहि जाते. दोन जागीं दिसते म्हणून तिच्या दोन प्रती आहेत, असें मानणें भ्रमाचें आहे. ती एकाच वस्तूचीं आरशांतील दोन प्रतिबिंबें होत.

फाइल पुसली म्हणजे प्रत्यक्षांत काय होतें, हेंहि समजून घेण्यासारखें आहे. एखाद्या मोठ्या ग्रंथालयाची कल्पना करावी. पुस्तकें फडताळांत असतात आणि कोणतें पुस्तक कोठें, याच्या नोंदी एका खणांतील पत्रिकांवर असतात. पुस्तक रद्द करावयाचें ठरलें तर आळशी ग्रंथपाल फडताळापर्यंत जात नाहीं. तो खणांतील पत्रिका काढून टाकतो. पुस्तक जागच्या जागीं राहतें, पण त्याची दाद लागत नाहीं, आणि ती जागा रिकामी समजली जाऊन केव्हां तरी तेथें दुसरें पुस्तक ठेवलें जातें. फिरत्या तबकडीचा संगणक असाच वागतो. डॉसच्या काळांत तर फाइलीच्या नांवाचें केवळ पहिलें अक्षर बदलून ती पुसल्याची खूण केली जाई. म्हणूनच १९९१ सालच्या डॉसच्या पांचव्या आवृत्तींत ‘अनडिलीट’ ही आज्ञा देतां आली. ती मालकाला विचारी, या नांवाचें पहिलें अक्षर कोणतें होतें? तें सांगितलें, आणि त्या जागेवर दुसरें कांहीं लिहिलें गेलेलें नसलें, कीं फाइल परत येई.

यांतून एक व्यावहारिक धडा मिळतो. चुकून कांहीं महत्त्वाचें पुसलें गेलें आणि टोपलींतहि सांपडलें नाहीं, तर त्या यंत्रावर पुढें कांहींहि लिहूं नये. नवा प्रोग्रॅम उतरवूं नये, छायाचित्रें भरूं नयेत. यंत्र तसेंच ठेवून जाणत्याला दाखवावें. मात्र हा दिलासा आतां पूर्वींइतका भरंवशाचा राहिलेला नाहीं. नव्या संगणकांत फिरत्या तबकडीऐवजीं चिपांचें भांडार असतें, आणि त्यांत पुसलेल्या जागा यंत्र स्वतःच मागाहून साफ करून ठेवतें. तेथें आळशी ग्रंथपालाच्या जागीं एक तत्पर झाडूवाला आलेला आहे. जुन्या अनुभवावर विसंबून ‘पुसलेलें परत मिळतें’ असें मानणारा मनुष्य नव्या यंत्रावर फसतो.

चूक केवळ अजाण माणसांच्या हातून घडते असेंहि नव्हे. १९९८ सालीं अमेरिकेंतील पिक्सार या चित्रसंस्थेंत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचें काम चालू असतां, युनिक्सच्या त्याच दोन अक्षरी आज्ञेनें चित्रपटाच्या फाइली भराभर नाहींशा होऊं लागल्या. राखीव प्रती काढून पाहिल्या तों त्या सदोष निघाल्या. त्या संस्थेंतील तंत्रविभागाच्या अधिकारी गॅलिन ससमन यांना नुकतें मूल झालेलें असल्यानें त्या घरून काम करीत, आणि त्यासाठीं त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत ठेवलेली होती. तो संगणक गाडींतून जपून आणण्यांत आला आणि काम वांचलें. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनींत एका अभियंत्यानें दुय्यम संगणकावर आहोंत अशा समजुतीनें मुख्य संगणकावरील माहितीचा कप्पा पुसला. सुमारे ३०० गिगाबाइटपैकीं साडेचार शिल्लक उरले. राखीव प्रती घेण्याच्या अनेक योजना कागदावर होत्या, पण ऐन वेळीं त्या उपयोगी पडल्या नाहींत. सहा तासांपूर्वीं योगायोगानें घेतलेल्या एका प्रतीनें बाकीचें परत मिळालें. दोन्ही ठिकाणीं माणसें निष्णात होतीं. दोन्ही ठिकाणीं चूक ओळखीची होती, इच्छेची नव्हे. आणि दोन्ही ठिकाणीं तारलें तें दुसरीकडे ठेवलेल्या प्रतीनें.

मुंबईच्या उपनगरांना हा धडा परदेशांतून शिकण्याची गरज नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदी पात्र सोडून बाहेर आली, कुर्ला आणि कलिना यांसारख्या सखल भागांत तळमजल्यावरील घरें आणि दुकानें पाण्याखालीं गेलीं. कपाटांतील कागद भिजले, टेबलाखालीं ठेवलेले संगणक बुडाले. त्या पाण्यानें कोणालाहि ‘खात्री आहे काय?’ असें विचारलें नाहीं. सात वर्षांनीं, २१ जून २०१२ रोजीं मंत्रालयाच्या वरच्या मजल्यांना आग लागली आणि राज्यकारभाराच्या असंख्य फाइली जळाल्या. आगीनेंहि कांहीं विचारलें नाहीं. पुसण्यापूर्वींचा प्रश्न हा मनुष्याच्या हातून होणाऱ्या चुकीपुरता आहे. पाणी, आग, चोर आणि यंत्राचें वार्धक्य यांच्यापुढें तो मुका आहे. या सर्वांवर एकच उपाय आहे, आणि तो म्हणजे दुसरी प्रत.

या विषयांतील जाणत्यांनीं त्याचा एक सोपा हिशेब सांगितला आहे: प्रती तीन असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतील एक तरी निराळ्या जागीं असावी. घरगुती भाषेंत सांगावयाचें तर, एक प्रत संगणकावर, एक कपाटांतल्या वेगळ्या डिस्कवर, आणि एक मुलुंडहून बोरिवलीला राहणाऱ्या बहिणीच्या तिसऱ्या मजल्यावरील घरीं. पूर येतो तेव्हां तो दोन्ही घरांच्या तिसऱ्या मजल्यावर एकदम येत नाहीं. बहिणीकडे भाऊबीजेला जाणें होतेंच. त्या वेळीं डिस्कहि बदलून आणावी. आणि वर्षांतून एकदां ती प्रत उघडून पाहावी. पिक्सारच्या आणि गिटलॅबच्या उदाहरणांत राखीव प्रती नव्हत्या असें नाहीं. त्या उघडून पाहिलेल्या नव्हत्या.

आतां त्या कार्यालयांत परत जाण्यास हरकत नाहीं. प्रश्न बंद झाल्यावर चिटणीसांचा हात भराभर चालला आणि एका क्षणीं वर्गणीच्या यादीबरोबर सभासदांची यादीहि गेली, असें समजावें. फाइल संगणकांतलीच असेल आणि टोपली चालू असेल, तर फारसें बिघडलें नाहीं. लगेच लक्षांत आलें तर कंट्रोल आणि झेड या दोन कळा एकत्र दाबून ती जागच्या जागीं परत येते. उशिरा आलें तर टोपली उघडून तिच्यावर ‘रिस्टोअर’ म्हणावें. टोपली मात्र त्याच रात्रीं रिकामी करण्याची घाई करूं नये. महिनाभर तरी ती तशीच राहूं द्यावी. पण तीच यादी ते पेन ड्राइव्हवरून पुसत असते, आणि दुसरी प्रत कोठेंच नसती, तर प्रश्न चालू असूनहि त्यांचा बचाव झाला नसता. कारण एकेचाळिसाव्या वेळींहि त्यांचें बोट ‘होय’ वरच पडलें असतें.

यावरून त्या मुलाचा दोष कोणता, तेंहि स्पष्ट होतें. त्यानें प्रश्न बंद केला हा दोष नव्हे. बंद करण्यापूर्वीं ‘काका, टोपली चालू आहे ना? आणि सभासदांच्या कागदांची दुसरी प्रत कोठें आहे?’ असें त्यानें विचारलें नाहीं, ही उणीव. यंत्राच्या शंभर प्रश्नांपेक्षां शेजारच्या माणसाचा हा एक प्रश्न अधिक मोलाचा ठरला असता, कारण तो इच्छेविषयीं नव्हे, वस्तूविषयीं विचारला गेला असता.

घरांतील वडील मंडळींनीं यासाठीं एखादा रविवार काढावा. संगणकांत पाटी कोणती आणि वही कोणती, हें ठरवून दोहोंचे कप्पे निराळे करावेत. पाटीच्या कप्प्यांत प्रश्नाचा त्रास नको. तेथें खुशाल ओला हात फिरवावा. वहीच्या कप्प्यांतील कांहीं पुसूंच नये; जुन्या कागदावर ‘जुना’ अशी खूण करून, वर्ष घालून, तो तेथेंच ठेवावा. जागेची टंचाई वाटली तर डिस्क विकत घ्यावी. हरवलेला कागद पुन्हां उभा करण्याच्या खर्चापुढें ती स्वस्तच पडते. जुन्या पेढीवरील कारकून एवढेंच करीत होता. त्याच्या वहीनें त्याला कधीं प्रश्न विचारला नाहीं, कारण पुसण्याची सोयच तिनें त्याला दिलेली नव्हती.